उरलेला चुना उद्या चालेल का?

तारकर्लीला किंवा मालवणला ज्यांनी स्कूबा केलंय, त्यांना दर श्वासाबरोबर वर जाणारे बुडबुडे आठवत असतील. त्या बुडबुड्यांतला बराचसा ऑक्सिजन वापरलेलाच नसतो. आपण २१ टक्के ऑक्सिजन असलेली हवा आत घेतो आणि १६-१७ टक्के ऑक्सिजन असलेली बाहेर सोडतो. जोडीला सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टाकीतला बहुतेक वायू नुसता समुद्रात जातो. खोल गेलं की ही नासाडी आणखी वाढते. ४० मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा पाचपट वायू लागतो.

रीब्रिदर नावाचं यंत्र ही नासाडी थांबवतं. सोडलेला श्वास बाहेर न जाता नळीतून एका डब्यात जातो, तिथे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, खर्च झालेला ऑक्सिजन छोट्या टाकीतून भरला जातो आणि तोच वायू पुन्हा श्वासात येतो. कल्पना जुनी आहे. हेन्री फ्लूस या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकाच्या शेवटी असं यंत्र बनवलं, तेव्हा त्याने वायू शोषायला कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे वापरले होते. १८७९ साली इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी घुसलं, तेव्हा पुढच्या वर्षी अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुडा हेच यंत्र घेऊन आत गेला आणि त्याने बोगद्यातला लोखंडी दरवाजा बंद केला.

आज त्या धाग्यांच्या जागी सोडा लाइमचे पांढरे दाणे असतात आणि ते ज्या डब्यात भरतात त्याला स्क्रबर म्हणतात. पाणबुड्यांना नेहमी पडणारा प्रश्न याच डब्याचा आहे. समजा, डबा तीन तासांचा आहे आणि बुडी दीड तासात संपली. पुढची बुडी उद्या आहे, किंवा खराब हवामानामुळे थेट पुढच्या महिन्यात. उरलेला माल फेकायचा की ठेवायचा? ठेवायचा तर कसा?

उत्तर नीट समजायला आधी दाण्याच्या आत काय चालतं ते बघू.

सोडा लाइमचा ७५ ते ८० टक्के भाग कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, म्हणजे आपला साधा विरी गेलेला चुना. पानाच्या चुनाळ्यात असतो तोच. शाळेत याच चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, तयार व्हायचा. स्क्रबरमध्ये दर श्वासाला हेच घडतं. फक्त कोरडा चुना हे काम फार संथ करतो, म्हणून दाण्यात साधारण १४ ते १९ टक्के पाणी आणि थोडा, ३-४ टक्क्यांच्या आसपास, सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलेला असतो. वायू आधी दाण्याच्या ओलाव्यात विरघळतो, मग सोडियम हायड्रॉक्साइड त्याला झटकन पकडतं आणि शेवटी चुना तो स्वतःकडे घेऊन सोडियम हायड्रॉक्साइड मोकळं करतो. ते पुन्हा पुढच्या रेणूला पकडायला तयार. या सगळ्यात उष्णता निघते आणि पाणीही तयार होतं. काम करणारा स्क्रबर गरम लागतो आणि आतली वाफ पाणबुड्याला ऊबदार, दमट श्वास देते, तो यामुळेच.

यावरून साठवणीतले दोन शत्रू लगेच कळतात. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो, पण चुना त्याला पकडायचं थांबत नाही. दुसरा, कोरडेपणा. पाणी उडालं की पहिली पायरीच अडते. दाण्यात चुना भरपूर शिल्लक असूनही तो कामाला येत नाही. उघडं राहिलेलं चुनाळं आठवा: वरचा थर आधी वाळतो, मग खडखडीत होतो, आणि खाली बोट घातलं तर आत अजून मऊ चुना असतो. दाण्याचंही तसंच आहे, फरक इतकाच की दाणा फोडून बघायची सोय पाणबुड्याला नाही.

कोरडेपणा किती महाग पडू शकतो हे आपल्या शहरातल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळातल्या भूलतज्ज्ञाला विचारा. भूल द्यायच्या यंत्रात हेच सोडा लाइम असतं. शनिवारी-रविवारी यंत्रातून कोरड्या ऑक्सिजनचा प्रवाह चुकून चालू राहिला, दाणे सुकले आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या रुग्णाच्या भुलीच्या वायूची त्या सुक्या दाण्यांशी प्रक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. पाणबुड्याच्या श्वासात भुलीचे वायू नसतात, त्यामुळे तो धोका त्याला नाही. पण ओलावा ही या मालासाठी नुसती चैन नाही, तो मालाचाच भाग आहे, हे त्यातून ठसतं.

आता डब्याच्या आतलं चित्र. सगळे दाणे एकदम सारखे खर्च होत नाहीत. श्वास ज्या बाजूने आत शिरतो तिथले दाणे आधी संपतात. त्यांच्या पुढे एक गरम पट्टा असतो, जिथे त्या क्षणी प्रक्रिया चालू असते, आणि त्याच्याही पुढे अजून हातही न लागलेला ताजा माल. बुडी जसजशी लांबते तसा हा पट्टा बाहेर पडायच्या तोंडाकडे सरकत जातो. तो तिथे पोचला की कार्बन डायऑक्साइड न शोषता पलीकडे निसटायला लागतो. काही रीब्रिदरमध्ये डब्याच्या मधोमध तापमान मोजणारी एक काडी असते. ती याच पट्ट्याचा प्रवास दाखवते.

म्हणजे अर्धा वापरलेला डबा म्हणजे एका टोकाला खडू, दुसऱ्या टोकाला ताजा चुना आणि मध्ये सरहद्द, असा मांडलेला माल. या मांडणीतच त्याची सगळी सुरक्षितता आहे.

म्हणून पहिला नियम, आणि माझ्या मते यात तडजोडीला जागा नाही: वापरलेले दाणे डब्यातून ओतून काढून पुन्हा भरायचे नाहीत. ओतलं की संपलेले आणि ताजे दाणे एकमेकांत मिसळतात. पुन्हा भरल्यावर बाहेरच्या तोंडाशीही खडू झालेले दाणे येतात आणि त्यांच्यामधून वायू सरळ निघून जातो. एकूण चुना तेवढाच आहे, पण डबा किती वेळ टिकेल याचा हिशेब कोणालाच करता येत नाही. तसंच डबा उलटा लावायचा नाही. वरून मूठभर ताजा माल टाकून ‘भर’ घालायची नाही. आणि दाणे मऊ पडले असतील, भुगा झाला असेल तर चाळून वापरायचे नाहीत. ठेवायचं तर भरलेला डबा जसाच्या तसा ठेवायचा, किंवा मग टाकून द्यायचा.

तसा ठेवला तर काय होतं, याचं मोजमाप न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी केलं आणि ते २०१८ साली पाण्याखाली बुडी मारण्याच्या वैद्यकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं. या विषयात मतं पुष्कळ आणि आकडे थोडे, त्यामुळे हा प्रयोग मला मोलाचा वाटतो. त्यांनी एक प्रचलित रीब्रिदर टेबलावर यंत्राने ‘श्वास’ घेत ठेवला. मिनिटाला ४५ लिटर श्वास आणि त्यात मिनिटाला २ लिटर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बऱ्यापैकी मेहनत करणाऱ्या माणसाएवढा. डब्यात सॉफ्नोलाइम ७९७ या नावाने मिळणारं २.६४ किलो सोडा लाइम भरलेलं. प्रत्येक डबा ९० मिनिटं चालवला, काढला आणि तीनपैकी एका प्रकारे ठेवला: काही डबे २८ दिवस उघडे, काही २८ दिवस हवा काढून सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि काही फक्त एक रात्र उघडे. मग पुन्हा जोडून, आत येणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइडचा दाब १ किलोपास्कलच्या (हवेच्या दाबाच्या साधारण शंभराव्या भागाच्या) वर जाईपर्यंत चालवले.

आधीची ९० मिनिटं धरून सरासरी एकूण वेळ अशी आली. रात्रभर उघडा राहिलेला डबा २३९ मिनिटं चालला. महिनाभर सीलबंद राहिलेला २४१ मिनिटं. महिनाभर उघडा पडलेला १८८ मिनिटं.

पहिल्या दोन आकड्यांत फरक जवळजवळ नाही. म्हणजे डबा उद्याच वापरायचा असेल तर तो रात्री उघडा राहिला म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि महिनाभर नीट सीलबंद ठेवला तरी तो फारसा बिघडत नाही. तिसऱ्या आकड्याकडे मात्र थोडं थांबून बघा. २४१ वरून १८८ म्हणजे बावीसेक टक्के घट, असं वरवर दिसतं. पण पहिली ९० मिनिटं तर साठवणीच्या आधीच वापरून झाली होती. साठवणीनंतर सीलबंद डब्यात १५१ मिनिटं होती आणि उघड्या डब्यात ९८. म्हणजे जे शिल्लक होतं त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसता शेल्फवर बसून गेला. ‘डब्यात दीड तास उरलाय’ असं समजून पाण्यात उतरणाऱ्यासाठी खरा आकडा हा आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक सांभाळायला हवं. ही मिनिटं त्या टेबलावरची आहेत. गार पाण्यात प्रक्रिया मंदावते. खोलवर वायू दाट होतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला दाण्यापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात श्वासाचा झोत त्याला पुढे ढकलून नेतो. म्हणून युरोपीय मानकानुसार डब्याचा टिकाव मोजतात तो ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, ४० मीटरच्या दाबावर, मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडून. प्रयोगात २३९ मिनिटं मिळाली म्हणून कंपनीने दिलेली तीन तासांची मर्यादा चार तास होत नाही. प्रयोगातून घ्यायचं ते एवढंच, की साठवणीची कुठली पद्धत माल राखते आणि कुठली मारते. मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेतलीच, आणि सगळ्या बुड्यांची बेरीज तिच्या आत. एखाद्या यंत्राची पुस्तिका अर्धवट वापरलेला डबा ठेवूच नका म्हणत असेल, तर त्या यंत्रापुरता विषय तिथेच मिटला.

इतकी काळजी का, असं वाटेल. माल काही सोन्याचा नाही आणि चुना संपला तर माणसाला कळेलच की! कळत नाही, हीच तर अडचण आहे.

कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही. तो वाढायला लागला की आधी थोडी धाप, थोडं डोकं जड, उगाच अस्वस्थ. पाण्याखाली काम करताना हे सगळं तसंही वाटत असतं, त्यामुळे दुर्लक्ष होतं. मग धाप इतकी वाढते की श्वास आवरता आवरत नाही. पाणबुड्याकडे अशा वेळेसाठी स्वच्छ वायूची वेगळी टाकी, बेलआउट, असते. पण त्यावर जायचं तर तोंडातली नळी काढून दुसरी घालावी लागते, आणि त्या अवस्थेत अर्धा सेकंदसुद्धा श्वास रोखणं अशक्य वाटतं, असं यातून वाचलेले लोक सांगतात. म्हणून पुष्कळजण तोंडातल्या नळीवरच खटका फिरवून बेलआउट घेता येईल अशी झडप लावून घेतात. त्यात कार्बन डायऑक्साइड मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, त्यामुळे जास्त ऑक्सिजनमुळे येणाऱ्या झटक्यांचा धोका वाढतो आणि खोलवरची नायट्रोजनची नशाही गडद होते. एका चुकीच्या डब्यातून तीन संकटं.

बुडीपूर्वी पाच मिनिटं यंत्रावर श्वास घेऊन बघितलं तर? यंत्र तपासायला ही सवय चांगलीच आहे. पण तेवढ्याने चुन्याची खात्री पटत नाही. ऑकलंडच्याच गटाने २०१५ मध्ये हेही तपासलं. डब्यात मालच नसताना बऱ्याच जणांना पाच मिनिटांत काहीतरी बिनसलंय हे कळलं, सगळ्यांना तेव्हाही नाही. आणि शोषण अर्धवट चालू असताना बहुतेकांना काहीच जाणवलं नाही. अर्धा संपलेला डबा नेमका या दुसऱ्या गटात बसतो.

रंगाचं काय? काही सोडा लाइममध्ये असा रंग घातलेला असतो की माल संपत आला की पांढऱ्याचा जांभळा होतो. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याचा उपयोग होतो, कारण तिथे डबा पारदर्शक असतो, समोर असतो आणि शिवाय रुग्णाच्या प्रत्येक श्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर दिसत असतो. पाणबुड्याचा डबा पाठीवर बंद. आणि साठवणीच्या बाबतीत तर रंग सरळ फसवतो: काही तास विश्रांती मिळाली की दाण्याच्या पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड पुन्हा तयार होतं आणि जांभळा झालेला दाणा परत पांढरा दिसतो. आत चुना नाही, वर मुखवटा ताज्याचा. रात्री जांभळट दिसलेला डबा सकाळी शुभ्र दिसला तर तो सुधारलेला नसतो.

वजन करूनही भागत नाही. पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडने डबा जड होतो, पण पाणी येतं-जातं, तेही वजनातच धरलं जातं.

मग उरतं काय? वही आणि पेन. डबा भरला तेव्हा त्यावर चिकटपट्टी लावायची आणि लिहायचं: कोणत्या तारखेला भरला, कोणी भरला, कोणता माल, आणि प्रत्येक बुडीनंतर किती मिनिटं वापरला, पाणी किती गार होतं. पृष्ठभागावर तपासणीसाठी घेतलेले श्वाससुद्धा धरायचे. ज्याला अजून बारकाईने जायचं असेल तो ऑक्सिजनच्या खर्चावरून ताळा करतो. शरीर जेवढा ऑक्सिजन जाळतं त्याच्या साधारण ०.८ ते १ पट कार्बन डायऑक्साइड सोडतं. ३ लिटरच्या टाकीत दाब ५० बारने उतरला तर १५० लिटर ऑक्सिजन गेला. त्यातला काही तरंगण्यासाठी आणि नळ्या स्वच्छ करायला गेला असेल, बाकीचा शरीराने वापरला. घड्याळ सांगतं त्यापेक्षा ही बेरीज खरी, कारण प्रवाहाशी झगडत घालवलेला तास आणि एका जागी तरंगत घालवलेला तास चुन्याच्या लेखी सारखे नसतात. पट्टी नसलेला डबा हातात आला तर तो संपलेला समजायचा. तो कोणाचाही असो आणि कितीही ताजा दिसो.

साठवण प्रत्यक्षात कशी करायची, तर बुडीनंतर डबा यंत्रातून काढायचा, बाहेरून पुसून कोरडा करायचा, समुद्राचं पाणी आत गेलं नाही ना ते बघायचं. पाणी शिरलं असेल तर तिथेच निकाल लागला: ओला गोळा झालेला माल वायू अडवतो आणि त्यातून निघणारं कॉस्टिक पाणी तोंडात आलं तर घसा भाजतं. कोरडा असेल तर, एका रात्रीसाठी बंद खोक्यात ठेवला तरी पुरे. त्याहून जास्त दिवस राहणार असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून सील. घरात खाद्यपदार्थ सीलबंद करायचं यंत्र असतं, त्याने हे होतं, पिशवी डब्याच्या मापाची हवी. जागा सावलीची. उन्हात गाडीच्या डिकीत नको आणि बर्फाळ प्रदेशात शून्याखाली जाईल अशा ठिकाणीही नको, कारण दाण्यातलं पाणी गोठलं की दाणा तडकून भुगा होतो. मूळ पिंपातल्या न वापरलेल्या मालाचंही तेच: झाकण घट्ट, तारीख बघून, आणि तळाशी उरलेली धूळ डब्यात ओतायची नाही.

एका गोष्टीकडे फार कमी लक्ष जातं, ती म्हणजे हादरे. डबा भरताना पाणबुडे थोडे दाणे ओततात, कडेला हाताने थोपटतात, पुन्हा ओततात, पुन्हा थोपटतात, शेवटी वरची जाळी दाबून बसवतात, कारण १ ते २.५ मिलिमीटरच्या त्या दाण्यांमध्ये कुठे पोकळी राहिली तर वायू तीच वाट धरतो आणि बाकीचा माल बाजूला राहतो. तोच डबा बोटीच्या फळीवर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर जीपच्या मागे दोन तास हादरत राहिला की दाणे आणखी खाली बसतात आणि वर फट पडते. पुढच्या बुडीआधी जाळी घट्ट आहे का, डबा हलवला तर आत खुळखुळतो का, हे बघायलाच हवं. खुळखुळत असेल तर वापरलेल्या डब्यात भर घालता येत नाही हे वर आलंच आहे. तो रिकामा करून नव्या मालाने भरायचा.

हिशेब मर्यादेच्या फार जवळ आला असेल, किंवा पुढची बुडी खोल, गार, लांब असेल, तर मी उरलेला डबा वापरायच्या विरोधात आहे. उथळ, सोपी, छोटी बुडी आणि नोंद चोख असेल तर हरकत नाही.

टाकून देताना हातमोजे घाला. संपलेला मालही पूर्ण खडू झालेला नसतो. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतंच आणि ओल्या हाताला, डोळ्याला ते चावतं. बोटीवरून समुद्रात ओतायची सवय काही ठिकाणी दिसते, ती वाईट. झाकण असलेल्या बादलीत भरून, वर काय आहे ते लिहून, किनाऱ्यावर आणायचा आणि तिथल्या कचरा व्यवस्थेच्या नियमाप्रमाणे द्यायचा.